पहिली वेलांटी

हे घडलेलं आहे. घडलं तसंच सांगतो. सजवून सांगायची कला मला कधी जमली नाही, आणि या वयात ती जमेल अशी आशाही नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. सोमवारची दुपार होती. पावणेचार वाजले होते. मी माझ्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो होतो.

मी छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं छापण्याआधी वाचायचं आणि चुका काढायच्या. निवृत्त झालो, पण खोड गेली नाही. बायको म्हणते, “औषधाच्या बाटलीवरचं लेबल सुधारल्याशिवाय तुमच्या घशाखाली औषध उतरत नाही.”

खोटं नाही. एकदा तसं झालंही आहे.

मोबाइलवर आमचा एक कवितांचा ग्रुप आहे. बेचाळीस माणसं. सगळे हौशी. ग्रुप चालवतात ते हेडसर, एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. दर सोमवारी ते एक विषय देतात. त्यावर ज्याने त्याने कविता टाकायची आणि बाकीच्यांनी ‘वा’ म्हणायचं. मी कविता टाकत नाही. माझी एक वही आहे, चाळीस वर्षांची. ती कपाटातच बरी आहे. मी फक्त शुद्धलेखन सुधारतो. त्यामुळे मी कुणाला फारसा आवडत नाही, हेही मला ठाऊक आहे.

एकच बाई माझे आभार मानायच्या.

त्यांना सगळे शिवणताई म्हणत. त्या कपडे शिवायच्या. एकट्या राहायच्या. तरुणपणी कारखान्यात कापड कापण्याच्या मशीनखाली त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं पेर गेलं होतं. म्हणून त्या मधल्या बोटाने टाइप करत आणि वेलांट्या हमखास चुकत. मी चूक दाखवली की लिहायच्या, “काका, उसवलेला टाका दाखवलात. घातला बघा नीट.”

कधी विचारायच्या, “तुमची कविता कधी, काका?”

मी उत्तर द्यायचो नाही.

त्या सोमवारी हेडसरांनी विषय दिला होता, ‘पाणी’.

पावणेचारला शिवणताईंची कविता आली. एकेक ओळ, थांबत थांबत...

पाणि चालू आहे
उठता येत नाही
दार बंद
किल्ली कुंडीत
खाली गार आहे
कोणी आहे का

दहा मिनिटांत अकरा जणांनी दाद दिली.

“कुंडीतली किल्ली! काय प्रतिमा आहे! मातीत पुरलेलं स्वातंत्र्य!” हे हेडसर.

“शेवटची ओळ काळजाला भिडली ताई.”

“अंगावर काटा आला.”

मी मात्र ‘खाली गार आहे’पाशी अडखळलो. शिवणताई नेहमी यमक जुळवून लिहीत. कापडाच्या दोन कडा जुळवाव्यात तसं. इथे एकही ओळ दुसरीला जुळत नव्हती. ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आयुष्यभर मी तेवढंच तर केलं आहे.

फोन करावा का... असं मनात आलं होतं.

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी तो काढलाही. पण म्हणणार काय? “ताई, बऱ्या आहात ना?” आणि त्या बऱ्या असल्या तर? काकांना कविता कळत नाही म्हणून चारचौघांत हसू होईल. दुपारच्या वेळी एकट्या बाईला फोन करायचा, तेही बरं दिसत नाही.

मी नंबर मिटवला आणि ग्रुपवर लिहिलं, “ताई, ‘पाणि’ला पहिली वेलांटी दिली तर अर्थ ‘हात’ असा होतो. दुसरी वेलांटी हवी.”

चार मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं. एकच शब्द.

“हात”

मला वाटलं, त्यांनी माझ्या शिकवणीची थट्टा केली. छान वाटलं. ग्रुपवर माझी कुणी थट्टासुद्धा करत नाही. मी खूश होऊन त्यांना जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडसरांनी कळवलं. हृदय बंद पडून शिवणताई गेल्या. खाली त्यांची ती कविता पुन्हा टाकली होती. ‘ताईंची अखेरची रचना.’

बेचाळीसातल्या चाळीस जणांनी हात जोडले. मी त्या वेळी जोडले नाहीत. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

महिन्याने त्यांचा मुलगा माझ्या दारात उभा राहिला. तो दुसऱ्या शहरात गॅरेजमध्ये काम करतो. नखांत काळं तेल, हातात कागदांची पिशवी. हेडसरांनी ग्रुपवरच्या सगळ्या कविता उतरवून त्याला दिल्या होत्या.

“मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही, काका,” तो म्हणाला. “पण आईचं पुस्तक झालं पाहिजे. ती म्हणायची, ग्रुपवर एकच माणूस नीट वाचतो. बाकीचे नुसते अंगठे दाखवतात.”

मी मान खाली घातली.

“त्रास नाही ना झाला त्यांना?” बायकोने विचारलं.

“डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेली. न्हाणीघरात पडली होती. मोबाइल अंगाखाली होता. खालची काच फुटलेली, आत पाणी गेलेलं. एक बाई सकाळी ब्लाउज न्यायला आली, तिने आत नळाचा आवाज ऐकला. मग कुलूप फोडलं.” तो थांबला. “क्षणात गेली एवढंच बरं. नाहीतर मला झोप लागली नसती.”

न्हाणीघर... नळ...

मी पिशवी घेतली. 

पहिली प्रुफं आली. शेवटच्या पानावर ती कविता. ‘पाणि’ला पहिली वेलांटी. मी लाल शाईने खूण केली, समासात दुसरी वेलांटी काढली आणि प्रुफं परत पाठवली.

दुसरी प्रुफं आली. बाकी सगळ्या चुका दुरुस्त झाल्या होत्या.

फक्त तेवढी एक वेलांटी... पहिलीच.

मी पुन्हा खूण केली. तिसऱ्या प्रुफांतही तेच. मी छापखान्यात गेलो. मजकूर जुळवणारी मुलगी वैतागली होती.

“काका, बघा स्वतः. दुसरीच आहे.”

तिच्या स्क्रीनवर खरोखर दुसरी वेलांटी होती. तिने माझ्यादेखत पान छापलं. कागद गरम गरम बाहेर आला.

पाणि चालू आहे.

तिने पुन्हा छापलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती हसली नाही.

“प्रिंटर जुना झालाय,” ती हळूच म्हणाली. “घरी घेऊन जा, काका. मला आता जेवायला जायचंय.”

दुपारचे साडेतीन वाजले होते. ती कधीच जेवली होती. डबा धुवून खिडकीत उपडा घातलेला होता.

मी घरी आलो. कागद टेबलावर ठेवला. थकवा असा की चपलाही काढवेनात.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “अहो, मोरीतला नळ बंद करा. किती वेळ वाहतोय!”

मलाही ऐकू येत होतं. बारीक धार... फरशीवर पडणारी.

मी गेलो. नळ बंद होता. मोरी कोरडी होती. कोपऱ्यातलं फडकं वाळून कडक झालेलं.

आवाज थांबला होता. घड्याळात पावणेचार वाजून गेले होते. वार सोमवार.

पुढच्या सोमवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी बायको काही म्हणाली नाही. पोळपाटावरचे हात थांबवून ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मग ती खोलीत आली आणि टेबलाकडे बघून चिडली. “छत्तीस वर्षं कागदात गेली तुमची, आणि ओल्या हाताने कागद धरता?”

मी कागदाला हात लावला नव्हता.

शेवटच्या पानावर ओल उमटली होती. कवितेच्या पहिल्या ओळीवर, तळव्याएवढी. वर बोटं... चार पुरी.

पाचवं, अंगठ्याशेजारचं, अर्ध्यातच संपलेलं.

मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला. माझा हात मोठा होता.

“कोणाचा हात आहे हा?” बायकोने विचारलं. तिचा आवाज उतरला होता.

मी खुर्चीत बसलो आणि तिला सगळं सांगितलं. यमक नव्हतं ते. नंबर काढून मिटवला ते. जोडलेले हातही. तिने पिठाचे हात पदराला पुसले.

मग म्हणाली, “मुलाला सांगा.”

“त्याची झोप उडेल.”

“तुमची उडालीच आहे. माझी तुम्ही उडवलीत. त्या बाईची तर...” तिने वाक्य पुरं केलं नाही.

मुलगा रविवारी आला. मी त्याच्यासमोर प्रुफं ठेवली. कागद वाळला होता, पण जरा फुगलेला. काय बोलायचं ते मी चार दिवस घोकलं होतं. आयत्या वेळी निघालं ते भलतंच.

“तुझ्या आईकडे कुंडी होती का रे?”

“एकच. दाराबाहेर. कोरफडीची. त्यात जादा किल्ली ठेवायची ती, डब्यात घालून.” तो थबकला. “ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. तुम्हाला कसं ठाऊक?”

“कवितेत आहे,” मी म्हणालो.

तो हसला. “हो की.”

त्याने पान जवळ ओढलं. एकेका ओळीवर तेलकट बोट ठेवत वाचायला लागला. दुसऱ्या ओळीशी त्याचं हसू गेलं. चौथ्या ओळीशी बोट थांबलं. शेवटच्या ओळीशी ते बराच वेळ तसंच राहिलं.

“किती वाजता टाकलं होतं तिने हे?”

“पावणेचार.”

“सव्वाचारला मी फोन केला होता. वाजत राहिला. झोपली असेल म्हटलं आणि गाडीखाली शिरलो.”

मी त्याला उरलेलंही सांगितलं. ‘हात’ हा शब्द. मी पाठवलेलं चित्र. काहीही गाळलं नाही. ताईंनी मुलाला फोन का केला नसावा, ते आम्हा दोघांनाही कळेना. कदाचित फुटलेल्या काचेवर ग्रुपमधून बाहेर पडता आलं नसेल. कदाचित त्यांना वाटलं असेल, इथे बेचाळीस माणसं आहेत, एक तरी येईल.

त्याने ते पान वेगळं काढलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

“हे छापायचं नाही. ही कविता नाहीच, काका.”

दारात वळून तो म्हणाला, “तुम्ही निदान उत्तर तरी दिलंत.”

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुस्तक त्या कवितेशिवाय निघालं. हेडसरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मनाचे खेळ हो तुमच्या. वेलांटीचं काय घेऊन बसलात?” ग्रुप चालू आहे. सोमवारी विषय येतो. पावणेचारला आमच्याकडे तो आवाज येतो. मी दर वेळी उठून मोरीत जातो. नळ बंद असतो. तरी म्हणतो, “आलो, ताई.” गुडघे दुखतात, पण बसून राहवत नाही.

गेल्या सोमवारी हेडसरांनीच कविता टाकली. विषय होता ‘जिना’.

जिना फार झाला
इथेच बसलो आहे
छातीत पायऱ्या मोजतो

खाली ‘वा’ सुरू झाले. “छातीतल्या पायऱ्या, अप्रतिम!”

हेडसर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मी नंबर काढला.  या वेळी मिटवला नाही.

“हॅलो,” हेडसर म्हणाले.

“हेडसर, बरे आहात ना?”

“मला काय धाड भरलीय?”

“जिन्यात बसला आहात का?”

“अहो, कविता आहे ती! आरामखुर्चीत आहे मी. हद्द झाली तुमची! आता आम्ही लिहायचंसुद्धा नाही का?”

माझा चेहरा लाजेने तापला. हेच व्हायला नको म्हणून मी त्या दिवशी फोन केला नव्हता. आणि झालं तरी काय? थोडं हसू झालं. तेवढंच.

“माफ करा,” मी म्हणालो. “ठेवतो.”

“थांबा,” हेडसर म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला. “काका, तुमच्याकडे नळ चालू राहिलाय का हो? कधीपासून धार ऐकू येतेय.”

मी कान दिला. आमची मोरी शांत होती.

आवाज फोनमधून येत होता... त्यांच्या बाजूने.

घड्याळात पावणेचार वाजले होते.

“आमच्याकडचा बंद आहे,” मी म्हणालो.

पलीकडून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आणि पाणी.

“हेडसर, फोन ठेवू नका,” मी म्हणालो. चपला मी पायांत सरकवल्याच होत्या. “आणि एवढंच सांगा. तुमची जादा किल्ली कुठे असते?”