गोरखचिंचेची हरकत

हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपारी घडलंय. मे महिन्यात, सोलापुरात. भुतं रात्रीच फिरतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी सोलापूरची मेमधली दुपार बघितलेली नाही. रस्त्यावर कुत्रं नसतं. तारेवर कावळा नसतो. त्या वेळी उन्हात जे उभं असतं ते...

असो.

ऐकणारी माणसं तीन होती. त्यातला एक आता म्हणतो, मी काही ऐकलंच नाही. दुसरा, हा विषय निघाला की, चप्पल शोधायला लागतो. तिसऱ्या प्रभाताई. त्यांनी सांगितलं तसंच हे इथं मांडलंय. पटलं तर घ्या.

प्रभाताई शुक्रवार पेठेत राहतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांना एका समितीवर घेतलं. गावातली फार जुनी, वेगळी, असाधारण झाडं वाचवायची की नाही, यावर सल्ला देणारी समिती. सल्ला द्यायचा. ऐकायचा की नाही, ते वरचे बघतील.

शाळेमागची चिंच. ताईंनी हरकत घेतली. चिंच गेली.

गिरणीजवळचा पिंपळ. हरकत घेतली. पिंपळ गेला.

विहिरीवरचा वड. हरकत. गेला.

दर वेळी कागदावर एकच वाक्य यायचं, ‘सदस्यांची हरकत नोंदवून परवानगी देण्यात येत आहे.’

माणूस कशानं दमतो? कामानं नाही दमत. नोंद घेतली जाते, त्यानं दमतो.

आणि मग नियम बदलला. असाधारण झाड पाडायचं तर समितीचं एकमत हवं. एकाची जरी हरकत असली तरी झाड उभं राहणार. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच ताईंच्या हरकतीला किंमत आली होती.

आणि नेमकी तेव्हाच ती संपली होती.

त्या दिवशी सकाळी त्यांनी नारायणरावांना फोन केला. नारायणराव समितीचे सचिव. ताई म्हणाल्या, “आज माझं काही म्हणणं नाही. लवकर उरका.”

“तब्येत बरी आहे ना, मॅडम?”

“बरी आहे. पुरे झालं, एवढंच.”

झाड अक्कलकोट रस्त्याला, गावाबाहेर. गोरखचिंच. हत्तीच्या अंगासारखी करडी, सुरकुतलेली साल. बुंधा एवढा रुंद की एका बाजूला लग्नाची बोलणी चालावीत आणि दुसऱ्या बाजूच्याला पत्ता लागू नये. तिथून नवा रस्ता जाणार होता. झाड बरोबर मधे.

जीपमधून तिघं उतरले. ताई, नारायणराव आणि रस्त्याच्या कामावरचा इंजिनिअर सुबोध. ऊन असं की डोळे उघडवेनात.

माळावर केराबाई बसली होती. मेंढरं राखणारी. शेरडं-मेंढरं लांब, बाभळीखाली. झाडाजवळ एकही नाही.

“पाडनार व्हय?” तिनं विचारलं.

“बघू,” नारायणराव म्हणाले.

“बघू काय बघू? पाडनार असाल तर पाडा की एकदाचं. माजी जनावरं तिकडं फिरकत न्हाईत.” मग ती ताईंकडे वळली. “बाई, तुमचा नंबर द्या. पाडायच्या आदी सांगा. मेंढरांचं वाडगं हलवाया लागंल.”

ताईंनी नंबर दिला. केराबाईनं तो मोबाईलमध्ये घातला आणि हळूच म्हणाली, “आन् ढोलीत कुनी हाय का बघून पाडा.”

सुबोध हसला. “आत कोण असणार, मावशी?”

“मला काय ठावं? मी कवा आत गेले न्हाय. तूच जा की, शिकलेला हायस.”

सुबोध गेला नाही.

आधी घेर मोजायचा होता. सुबोधनं टेपचं एक टोक धरलं. दुसरं टोक घेऊन ताई बुंध्याला वळसा घालायला निघाल्या. अर्ध्यावर गुडघा दुखायला लागला. त्या थांबल्या. डोळे मिटले.

तेवढ्यात बुंध्याच्या पलीकडून एक हात आला... आणि टेप त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला.

मऊ हात. म्हातारा. गार.

ताईंना बरं वाटलं. नारायणराव दिसतायत. चला, एवढं तरी चालणं वाचलं.

वळसा पुरा झाला. सुबोधच्या हातात दुसरं टोक आलं. त्यानं आकडा लिहिला. ताई आल्या वाटेनं परत आल्या.

नारायणराव जीपमध्ये बसून पाणी पीत होते.

ताईंनी घाम पुसला. उन्हानं होतं असं. असंच म्हणायचं असतं.

पहिला पुकारा

समितीची पद्धत अशी. झाडाखाली उभं राहायचं. सगळ्यात ज्येष्ठ सदस्यानं मोठ्यानं तीनदा विचारायचं. गावातलं कुणी, समितीतलं कुणी, ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. तिन्ही वेळा कुणी बोललं नाही, तर झाड मोकळं. म्हणजे पाडायला मोकळं.

ज्येष्ठ ताईच. विचारायचं ताईंनीच.

तिघं बुंध्याजवळ आले. तिथं छान सावली होती. नारायणरावांनी छत्री मिटली. सुबोधनं टोपी काढून वारा घेतला. “काय गारवा आहे हो इथं,” तो म्हणाला.

ताई म्हणाल्या, “हे झाड पाडण्याला कुणाची हरकत आहे का?”

...

...

केराबाई लांबून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

कुणी बोललं नाही.

दुसरा पुकारा

“हे झाड पाडण्याला कुणाची हरकत आहे का?”

...

“आहे.”

झाडामागून. स्पष्ट. शांत.

नाही, हे नीट सांगायला हवं. ओरडणं नव्हतं. घोगरा, खोल, भुताचा वगैरे आवाज नव्हता. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला बाईमाणसाचा आवाज. जरा बसलेला. पुष्कळ दमलेला.

“माझी हरकत आहे.”

नारायणरावांनी ताईंकडे पाहिलं. सुबोधनं ताईंकडे पाहिलं.

“मॅडम,” सुबोध वैतागून म्हणाला, “सकाळी तर तुम्ही नारायणरावांना म्हणालात...”

ताईंचे ओठ मिटलेले होते.

तो आवाज ताईंचा होता.

“मी नाही बोलले,” त्या म्हणाल्या. आणि त्याच आवाजात म्हणाल्या. त्यामुळं आणखीच वाईट झालं.

सुबोध झाडामागे धावला. एक वळसा घालून आला. चेहरा उतरलेला. मागे कुणी नव्हतं. ढोलीचं तोंड होतं, त्यात वाळलेला पाचोळा. पाचोळ्यावर कुणाचं पाऊल नाही.

ताईंनी मान वर केली.

मे महिना होता. गोरखचिंच पावसापर्यंत बोडकीच असते. वर्षानुवर्षं मुलांना शिकवलेली गोष्ट...

झाडावर एकही पान नव्हतं.

मग एवढा वेळ ते तिघं कुणाच्या सावलीत उभे होते?

हा विचार आला आणि त्याच क्षणी डोक्यावर ऊन पडलं. फाडकन. कुणीतरी मागे सरकावं तसं.

तिसरा पुकारा

(झाला नाही.)

तिघं जीपमध्ये बसले. गावात शिरल्यावर नारायणराव म्हणाले, “मी हरकत लिहितो. माझी पेन्शन जवळ आली आहे. मला काही समजून घ्यायचं नाही.”

झाड राहिलं.

ताईंना आनंद व्हायला हवा होता. त्या घरी आल्या आणि झोपल्या. उठल्या तेव्हा घसा बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. सकाळी आवाज ठणठणीत. दुपारी जेवून आडवं व्हायचं. उन्हं कलली की उठायचं. आणि घसा असा, जणू चार तास लागोपाठ शिकवून आल्या. पाय भरून आलेले. तोंडाला कोरड.

रोज.

डॉक्टरांनी टॉर्च घालून पाहिलं. “जास्त बोलू नका,” म्हणाले.

“मी एकटी राहते हो. बोलू कुणाशी?”

आठवडे गेले. रस्ता दोन्ही बाजूंनी झाडापर्यंत येऊन थांबला. सुबोधवर वरून दाब आला. एका दुपारी तो ताईंच्या दारात उभा राहिला. घामानं भिजलेला. त्याचीही दया यावी असा.

“मॅडम, ती हरकत तुमची नाही असं तुम्हीच म्हणता. मग मागे घ्या ना. तोंडी घेतली होती, तोंडीच मागे घ्यायची. मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. एक वाक्य बोला. सुटाल तुम्ही पण.”

सुटाल.

तो शब्द ताईंना फार बरा वाटला. त्यांनी मान हलवली. घेऊ मागे. खरंच नको आता. घसा नको, पाय नकोत, झाड नको.

सुबोधनं मोबाईल समोर धरला.

ताईंनी तोंड उघडलं...

काही नाही.

पुन्हा उघडलं. ओठ हलले. जीभ हलली. हवा बाहेर आली. आवाज नाही. बसलेला नव्हे, घोगरा नव्हे. नव्हताच. माणूस घरातच नसावं, तसा आवाज जागेवरच नव्हता.

“मॅडम? पाणी देऊ?”

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. केराबाई. ताईंना बोलता येईना, म्हणून सुबोधनंच तो उचलून स्पीकरवर टाकला.

“हॅलो, कोन? बाईंच्या घरचं हाय का कुनी?”

“हो. बोला मावशी.”

“आवं, बाईंना घिऊन जावा की हितनं. लई दिस झालं सांगीन म्हनतीया. रोज दुपारी येत्यात आन् झाडामागं एकलंच बोलत बसत्यात. ऊन किती हाय! म्हातारं मानूस. पानी घिऊन गेले तर दिसत न्हाईत. निसता आवाज.”

सुबोधनं ताईंकडे पाहिलं. त्या समोर खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर. तोंड उघडं.

“मावशी...” त्यानं फोन जवळ ओढला. “आत्ता... आत्ता आहेत तिथं?”

“हायेत की. ऐका.”

केराबाईनं फोन बहुतेक झाडाकडे केला. वारा ऐकू आला. लांब एक मेंढरू ओरडलं. आणि मग...

“आहे. माझी हरकत आहे. आहे. माझी हरकत आहे.”

न थांबता. न चढता. विहिरीवरच्या वडाच्या वेळी ताई जशा बोलल्या होत्या, अगदी तशाच.

“ऐकलासा?” केराबाई परत फोनवर आली. “लई दमल्यात बगा. पर थांबंनात.”

सुबोध उठला. रेकॉर्डिंग बंद करायचंही त्याला सुचलं नाही. दार उघडंच टाकून तो जिना उतरून गेला. पुढं त्यानं बदली मागून घेतली, पंढरपूरकडे की माढ्याला. त्या रेकॉर्डिंगमध्ये काय आलंय ते त्यानं अजून ऐकलेलं नाही, असं तो म्हणतो.

आता प्रश्न असा उरतो, आणि तो नारायणरावांनीच विचारला होता, “मॅडम, सकाळी तर तुम्हाला बोलता येतं. मग सकाळी घ्या ना मागे. विषय संपेल.”

येतं. सकाळी सगळं बोलता येतं. भाजीवाल्याशी घासाघीस होते, पुण्याच्या मुलीशी भांडण होतं. ते एक वाक्यही बोलता येईल. ताईंनी आरशासमोर उभं राहून करून पाहिलंय. अर्ध्यापर्यंत.

पुढं त्या जात नाहीत.

भीती वाटते म्हणून का? तर त्या म्हणाल्या, भीती वाटतेच. हरकत मागे घेतली की झाड पडेल. मग जी तिथं उन्हात उभी आहे, ती जाईल कुठं? घरी येईल. इथं. आणि विचारेल, मी दमले होते तरी उभी राहिले, तू का गं बसलीस?

त्याला काय उत्तर द्यायचं, ते ताईंना अजून सुचलेलं नाही.

झाड उभं आहे. रस्ता दोन्हीकडून येऊन तसाच थांबलाय. केराबाईनं वाडगं हलवलं.

ताईंना भेटायचं तर सकाळी जा. चहा देतात, बोलतात, हसतातही. दुपारी फोन करू नका. म्हणजे लागतो. उचलतातही.

पण पलीकडून कुणी बोलत नाही.

फक्त श्वास ऐकू येतो... उन्हातून खूप लांब चालून आल्यासारखा.