शेवटची पट्टी

कोल्हापुरात प्लेग आला त्या साली, एका दुपारी, मी सेराफीना बाईंचा पियानो सुरात लावायला निघालो. काम नेहमीचंच होतं. मी मीरासाब, तंबोरे करणारा. पियानो ही काही आमची वस्तू नव्हे, पण तार ती तार, आणि कान मला वडिलांनी दिला होता.

बाई मडगावच्या. सहाव्या वर्षी चर्चमध्ये वाजवू लागल्या, विसाव्या वर्षी लिस्बनच्या मोठ्या सभागृहांत. पुढे मुंबईच्या एका मैफलीत, ऐन रंगात, डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट उठेना. बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि भरल्या सभेसमोर नुसत्या बसून राहिल्या. नंतर इथल्या एका सरदारांच्या मुलींना शिकवायला आल्या, त्या इथेच राहिल्या. बोट वाकडंच राहिलं. आता सरदारांनी त्यांची मैफल ठरवली होती आणि बाई सहा महिने नऊ बोटांनी तालीम करत होत्या.

तो आडवा, मोठा, जुना पियानो, पंच्याऐंशी पट्ट्यांचा. झाकणाखाली तारांवर वाकलं की पट्ट्या दिसत नाहीत. माझ्या एका हातात तारा पिळायची किल्ली, दुसऱ्या हाताने शेजारच्या तारा धरायच्या, म्हणून पट्टी दाबायला माझी बायको नजीरा असायची. ती प्रत्येक पट्टी दोनदा दाबायची, हलकेच. पहिल्यांदा वाजली यावर तिचा विश्वासच बसायचा नाही.

आमच्यात बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. तिने तर मेली तरी माझं नाव घेतलं नसतं. मी आपला "अगं, पुढची" म्हणायचो. बाईंना ते रुचायचं नाही.

"मीरासाब, वाजवणाऱ्याला नाव असतं. नावाने हाक मारा."

तेव्हापासून मी, फक्त त्या खोलीत, "नजीरा" म्हणू लागलो. एका पट्टीला एक हाक. ती लाजून लाल व्हायची. एकदा बाई तिची बोटं हातात धरून कितीतरी वेळ बघत बसल्या. "ही मला मिळाली असती तर..." म्हणाल्या आणि हसल्या. नजीराने हात पदराखाली घेतला.

बाईंचा निरोप आला तेव्हा आम्ही उचगावच्या माळावर झोपडीत होतो. प्लेगमुळे सगळं कोल्हापूरच गावाबाहेर पडलं होतं. चार दिवस मी गेलो नाही, कारण नजीराला ताप होता. पाचव्या दिवशी तिनेच मला हाकललं.

"जावा तुम्ही. बाई वाट बघत असतील. माझ्याजवळ शेजारची धोंडुबाई हाय की."

मी गेलो. माझं चुकलं.

बंगल्याचं दार उघडं होतं. आत चुन्याचा आणि कापराचा वास. छताची कौलं काढलेली, त्यातून पांढरं ऊन थेट पियानोवर पडलेलं. "बाई, मी आलोय," म्हणालो. आतल्या खोलीत असतील म्हणून मी तारांवर वाकलो आणि सवयीने बोलून गेलो, "नजीरा, पहिली."

पट्टी वाजली.

मग आठवलं, नजीरा तर माळावर. वाटलं, बाईच येऊन बसल्या असतील. त्या कामात बोलत नसत. मीही वर बघितलं नाही. पण तोंडाला सवय... "नजीरा, पुढची." "नजीरा, पुढची." प्रत्येक पट्टी एकदाच वाजत होती, ठाम. कापराचा वास वाढत चालला होता आणि माझी पाठ गार पडली होती.

चौऱ्याऐंशी झाल्या. एक राहिली, सगळ्यात बारीक. हाक मारायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, मान वर केली.

स्टूल रिकामं होतं. पट्ट्यांवर चुन्याची भुकटी होती, अगदी अस्पर्श.

फाटकावर पहारेकरी पिराजी भेटला.

"आत कशाला गेलतासा? बाई परवाच वारल्या की, प्लेगच्या कॅम्पात. चुना मारून, कौलं काढून घर उन्हाला उघडं टाकलंय."

उचगावपर्यंत मी धावलो. वाटेत एवढंच मागत होतो, ती जिवंत असू दे. धोंडुबाई झोपडीबाहेर हसत उभी होती.

"ताप उतारला बघा. दुपारी एकदम घाम फुटला आन् उठूनच बसली."

मी रडलो. आत गेलो. नजीरा बसली होती, डावा हात मांडीवर, करंगळीशेजारचं बोट वाकडं. मी हळूच नावाने हाक मारली. तिने ओ दिली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"मीरासाब, शेवटची पट्टी राहिली."

तीस वर्षं झाली. ती आत झोपली आहे. भाकरी करते, नमाज पढते, माझं नाव घेते. मी तिचं त्या दिवसानंतर कधी घेतलं नाही.

बंगला पुढे बंद झाला, तो बंदच आहे. पिराजी होता तोवर सांगायचा की दुपारी आतून एकच बारीक सूर येतो. मी एकदाच गेलो, खिडकीशी कान लावला.

ती पट्टी हलकेच वाजली. थांबली. मग पुन्हा एकदा, तशीच हलकी.

हाक ओठांवर आली होती. पण एका हाकेत तिकडची सुटेल की इकडची जाईल, हे मला कळेना... मी तसाच परत आलो. घरी तिने दार उघडलं आणि विचारलं, "वाजते का अजून?"