आजारी न पडलेली सून

सकाळी सव्वाआठला खासगी तपासनीस बाईंच्या कचेरीची बेल वाजली. दारात उभ्या असलेल्या बाईचा नवरा आठवड्यापूर्वी वारला होता, आणि तिनेच त्याला विष घातलं, अशी तक्रार तिच्या थोरल्या दिराने पोलिसांत केली होती.

बाईंच्या हाताखाली काम करणाऱ्या हवालदाराने तिला खुर्ची दिली. पोलिसातली नोकरी सुटून वर्षं झाली, तरी संशयिताला उजेडाकडे तोंड करून बसवायची त्याची खोड गेली नव्हती. तपासनीस बाईंनी उठून पडदा ओढला.

"माझं राहू द्या," ती म्हणाली. "नणंद इस्पितळात आहे. यांना झालं तेच तिला झालंय. ताप, खोकला, घामाने अंथरूण भिजतं. क्षयाच्या औषधांनी ढिम्म फरक नाही. आता दिरांच्या सांगण्यावरून डॉक्टर विष शोधतायत. शोधेपर्यंत पोर हातची जाईल. आणि मला वॉर्डात पाऊल टाकू देत नाहीत."

"घरात कोण कोण?"

"आम्ही तिघंच. स्वयंपाक माझा. दोघं अंथरुणाला खिळली, मी धडधाकट. हेच माझं पाप."

"कधीच आजारी पडला नाहीत?"

"आठवत नाही. नोकरीला लागताना छातीचा फोटो काढला, त्यात एक जुना डाग निघाला होता. लहानपणी काहीतरी होऊन गेलं असेल, म्हणाले. मी इथलीच, टेकड्यांची धूळ खाऊन वाढलेली. ही भावंडं पावसाळी मुलखातली. हे लग्नानंतर इथे आले, नणंद गेल्या वर्षी."

ती गेल्यावर हवालदाराने मिशीवर हात फिरवला. "जेवणारे तिघे, पडले दोघे. उरली स्वयंपाकीण. बाई, दोन अधिक दोन चारच होतात."

"मग नणंदेला वाचवा म्हणून ती का आली?"

"सोंग."

"असेलही. चला."

थोरल्या दिराचं औषधांचं दुकान होतं. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"पाठचा भाऊ होता माझा. धाप लागली की माझ्याकडे यायचा. सूज उतरवणाऱ्या गोळ्या मी स्वतः भरवायचो. दुसऱ्या दिवशी उठून बसायचा, पोटभर जेवायचा. घरी गेला की पुन्हा आडवा. पहिल्यापेक्षा वाईट. काय समजायचं मी?"

"डॉक्टरांना विचारलं होतं?"

"जन्म गेला या दुकानात, बाई."

"आणि बहिणीला?"

"तिलाही त्याच. तीही सावरली होती. मग तीही पुन्हा पडली."

"त्यांच्या घरी जाणं-येणं?"

"लग्नापासून पायरी चढलो नाही."

मेलेला माणूस जलवाहिनीच्या चरांवर सुपरवायझर होता. टेकडीपायथ्याशी यंत्र माती उपसत होतं. हवालदाराचे काळे बूट क्षणात पांढरे झाले. बाईंनी आधीच नाकावर मास्क चढवला होता.

"खोकला?" मुकादम हसला. "नवा माणूस आला की महिन्याभरात खोकतोच. मातीने ओळख करून घेतली, म्हणतो आम्ही. आठ दिवस पडतो, उठतो, पुन्हा नाही. साहेबांचंच लांबलं."

"त्यांची बहीण इकडे यायची?"

"छे! मातीवर टाकायच्या ताडपत्र्या मात्र तिच्याकडे शिवायला जायच्या, फाटल्या की. टाका असा, की यंत्राने मान खाली घालावी."

परतताना हवालदार खुशीत होता. "बहीण इथे फिरकलीच नाही! म्हणजे माती निर्दोष. राहिलं स्वयंपाकघर."

"हवालदार, तुमचे बूट बघा."

त्याने बघितले. त्याला काही कळलं नाही.

इस्पितळात नणंद ऑक्सिजनवर होती. बाई तिच्याजवळ वाकल्या. "ताडपत्र्या धुऊन शिवायचीस का गं?"

"ओलीवर… टाका बसत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "कोरडीच झटकायची."

"अंगणात?"

"खोलीत. दार लावून. वहिनीच्या स्वयंपाकात धूळ नको." मग डोळे उघडून तिने विचारलं, "वहिनी का येत नाही?"

वॉर्डाबाहेर बाईंनी डॉक्टरांना थांबवलं. दीर होताच. सुनेलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं.

"विष कुणी घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "भाऊ रोज चरावर धूळ घेत होता. हवालदारांच्या बुटांना चिकटली तशी ताडपत्र्यांना चिकटून तीच धूळ घरी आली, आणि बहिणीने ती बंद खोलीत झटकली. मातीतले मजूर एकदाच आजारी पडतात, पुन्हा नाही. ही सून इथलीच, छातीत जुना डाग घेऊन फिरणारी. तिचा तो ताप लहानपणीच येऊन गेला असावा. म्हणून एकाच घरात ती उभी राहिली. डॉक्टर, कोरड्या मातीतून छातीत जाणारं असं काय असतं?"

"बुरशी," डॉक्टर म्हणाले. "धुळीतून तिचे बीजाणू फुप्फुसात जातात. बहुतेकांचं आपोआप बरं होतं. दिसायला क्षयासारखं. मी क्षयापाशीच अडकलो."

"मग माझाच भाऊ का गेला?" दिराचा आवाज चढला. "मजूर उठतात, तो का नाही?"

बाईंनी डॉक्टरांना दिराच्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांबद्दल सांगितलं. उत्तर डॉक्टरांनाच द्यावं लागलं.

"तुमच्या त्या स्टेरॉइडच्या गोळ्या सूज उतरवतात, म्हणून बरं वाटतं. पण त्यांनी शरीराचा पहाराही उठतो. बुरशीला रान मोकळं मिळतं."

दिराने खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून बघितलं. आयुष्यभर कबुलीजबाब ऐकलेल्या हवालदाराला कुठे बघावं कळेना.

सून पुढे झाली. "भाऊजी, तिला आज गोळी दिलीत?"

"सकाळी," तो म्हणाला. "पाण्यात विरघळवून. गिळवत नव्हती तिला."

डॉक्टर आत धावले. गोळ्या एकदम बंद करता येणार नव्हत्या, हळूहळू कमी करायच्या होत्या. थुंकी तपासायला गेली. अहवालाची वाट न पाहता बुरशीवरचं औषध शिरेतून सुरू झालं. वॉर्डात शिरताना सुनेला कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेने कळवलं: बुरशीच आहे. दीर तक्रार मागे घ्यायला ठाण्यावर गेला. अधिकारी जागेवर नव्हते, शिपाई बसून राहा म्हणाला. संध्याकाळपर्यंत तो तिथेच बसून होता. वॉर्डात त्याच्या बहिणीचा ताप अजूनही एकशे तीन होता; औषध लागू पडतंय का, ते कळायला आणखी दिवस लागणार होते.