आतल्या बाजूचा दरवाजा

"तुम्ही तिसऱ्यांदा याल ती जेवणाच्या वेळी, न सांगता," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

शिडीवर बसलेला हा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला.

मी औषधांच्या कारखान्यात तपासनीस. खोट काढणं हेच माझं काम. आत्यासाठी देखभाल केंद्र शोधताना तीन ठिकाणं पालथी घातली होती. एकात फिनेलचा वास, दुसऱ्यात सगळ्यांना सरसकट 'आजी' म्हणायचे, तिसऱ्यात बेल वाजत राहायची नि कुणी फिरकायचं नाही. हे चौथं, नि इथली ही माझी तिसरी खेप. इथे सगळ्यांची नखं कापलेली होती, भरवणारी बाई घाई करत नव्हती. खोट सापडत नव्हती, आणि तेच मला नको होतं. आईबाबांमागे आत्याने मला वाढवलं. तिला कुठेही ठेवणार नाही, असा शब्द मी देऊन बसले होते. पण गेल्या महिन्यात गॅस दोनदा उघडा राहिला, आणि एका सकाळी ती बस थांब्यावर अनवाणी सापडली.

"तुम्हाला कुणी सांगितलं, मी येणार म्हणून?"

त्याने ब्रश पुसला. तो इथला रंगारी. इथे प्रत्येकाच्या खोलीचं दार ज्याच्या त्याच्या जुन्या घराच्या दारासारखं रंगवतात, म्हणजे माणूस आपली खोली चुकत नाही. "शेवटचं बघा," तो म्हणाला, आणि असं पाहिलं, की मला उगाच केस सारखे करावेसे वाटले.

शेवटचं दार आमचं होतं.

हिरवं. पण बाहेरून दिसतं तसं नव्हे — आतून. आतली साखळी, कडीखाली आत्याच्या तळव्याने झिजलेला डाग, चौकटीवर माझ्या उंचीच्या पेन्सिलखुणा, खुंटीवर मूठ तुटलेली पिवळी छत्री. हा माणूस आमच्या घरी कधीच आला नव्हता. मी पॅसेजमध्ये उभी होते, पण वाटलं, मी घरात आहे... आणि पलीकडून कुणीतरी कडी वाजवणार आहे. मी मागे सरकताना अडखळले. तो शिडीवरून उतरून मागोमाग आला होता. त्याने कोपराला धरलं, तेव्हा बाहीला हिरवा रंग लागला.

मग त्याने सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी, आजाराचं नाव कळलं त्याच आठवड्यात, आत्या इथे एकटी येऊन गेली होती. मला म्हणाली होती, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. तिने यादीत नाव घातलं, दाराचं वर्णन केलं, माझी तपासायची रीत सांगितली, आणि बजावलं की भाची आपणहून आली तरच सांगा, नाहीतर तिला वाटेल मी रुसून गेले. खोली गेल्या आठवड्यात रिकामी झाली, म्हणून आधीच्या दोन खेपांना कुणी काही बोललं नव्हतं.

मी भिंतीला टेकून रडले. तो स्वच्छ फडकं शोधत राहिला, एकही सापडेना.

"एक चूक झालीय," तो हळूच म्हणाला. "सगळे बाहेरची बाजू सांगतात. त्यांनी आतली सांगितली, हे मला रंगवून झाल्यावर कळलं. उद्या बदलतो."

"हात लावू नका. ती कायम आतच उभी असायची... माझी वाट बघत."

"आठ महिने मीही बघतोय," तो बोलून गेला नि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे — त्यांनी इतकं सांगितलं होतं. खुसपटं काढते, पण मनाची..."

"मनाची काय?"

"सांगेन. सवडीने."

पुढचे पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी आमच्या घरी यायचा, म्हणे हिरव्याची छटा ताडून बघायला. एका दारात इतकं बघण्यासारखं काय असतं, हे मी विचारलं नाही. चहा मात्र दोन कपांऐवजी तीन कप होऊ लागला.

आत्याला आणायच्या दिवशी खोलीत आम्ही दोघं चादर घालत होतो. बाहेर नर्सच्या चपला वाजल्या, बरोबर आत्याची पावलं. ती दारापाशी थांबली. मग काहीच ऐकू येईना. दाराची मूठ हळूहळू फिरू लागली. मला वाटलं, ती ओळखणारच नाही, किंचाळेल, परत ने म्हणेल...

दार उघडलं. कडीखालच्या डागावर तळवा टेकून आत्या उभी होती. तिच्या लेखी ती घरात होती, आणि मी नेहमी जिथे असायचे, तिथेच होते... दाराबाहेर.

"आलीस?" ती म्हणाली. "किती उशीर." मग तिने माझ्या मागे पाहिलं. "आज एकटी नाहीस?"

मी त्याचा हात धरला. हिरवाच होता अजून.

"नाही आत्या," मी म्हटलं. "आता एकटी नाही."