पट्टी कुणी चिकटवली?

इतर मुलींच्या प्रेमाची सुरुवात नजरानजरेने होते. हिची झाली ती एका उघड्या पाठीपासून! तो खरं तर प्रयोगशाळेचं अडकणारं दार तासायला आलेला सुतार. दार झालं, तसा भिंतीवरचा 'चाचणीला स्वयंसेवक हवेत' हा कागद वाचून म्हणाला, "पाठ द्यायची आहे ना? माझी रिकामीच आहे."

क्रीममध्ये घालायचा एक नवा सुगंध होता. तो कातडीला सोसतो की नाही हे बघायला स्वयंसेवकांच्या पाठीवर त्याच्या पट्ट्या लावत. लावायचं काम हिचं. पट्टीच्या कोपऱ्यांना शाईच्या खुणा करायच्या, पुढच्या भेटीला पट्टी काढून डॉक्टरीणबाईंना कातडी दाखवायची. लाली उठली की माणूस चाचणीतून बाद.

"गुदगुल्या होतात हो..."

"हलू नका. रेघ वाकडी जाते."

"सुताराला रेघ शिकवताय?"

ती हसू गिळायची. स्वयंसेवकाशी सलगी नको, हा इथला नियम. पण तो यायचा त्या दिवशी वेणी दोनदा घातली, तर त्याला कुठला नियम आड येतो?

मग एका सकाळी पट्टी काढताना तिचा हात थबकला. पट्टी खुणांपासून बोटभर सरकलेली. सरकली कसली — काढून पुन्हा लावली होती! कडा नखाने दाबून कशा छान बसवलेल्या. आणि जागा कुठली, तर दोन्ही खांद्यांच्या मधोमध. तिथे स्वतःचा हात पोचतो कुणाचा?

म्हणजे दुसरा हात. नाजूक. घरातला!

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणे पाठ रिकामी आहे! आणि आपण खुळ्यासारखे मनात मांडे खात बसलो.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" तिने कोरड्या आवाजात विचारलं.

"का? स्थळ आणताय?"

"पट्टी कुणी चिकटवली?"

पाठ एकदम ताठ झाली. "ती... पडली होती."

"आणि उडून परत बसली?"

तिने पट्टी ओढली. जरा जोरातच ओढली, खोटं कशाला बोला! "आई गं!" तो कळवळला. खाली लालभडक चट्टा, वर बारीक पुरळ.

"फार खाजत होतं," तो हळूच म्हणाला. "बाईंना सांगू नका ना. बाद झालो तर इथे कुठल्या निमित्ताने येऊ?"

गप्प बसलं तर तो येत राहील. पण उद्या हाच सुगंध कुणाच्या तोंडावर चट्टे उठवील, त्याचं काय? आणि ह्याचीही पाठ सोलून निघेल. शिवाय... तो हात! तो काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"बाई," तिने हाक मारली, "इकडे येता का जरा?"

बाईंनी पाठ बघितली, त्याची खरडपट्टी काढली आणि नाव कमी केलं. शर्टाची बटणं वर-खाली लावून तो निघून गेला. बरी अद्दल घडली, असं तिने स्वतःला बजावलं, आणि मग औषधांच्या कपाटाआड जाऊन मनसोक्त रडली.

संध्याकाळी बाहेर पडते तर तो फाटकाशी उभा. शेजारी एक देखणी बाई! घेऊनच आला की हा तिला, जखमेवर मीठ चोळायला. ती मान वळवून चालू लागली.

"अहो, थांबा!" ती बाईच धावत आली. "मी ह्याची वहिनी. पट्टी मीच लावली, पोटात घाला. आधी खाजवायला काढायला लावली, आणि मग डोकं खाल्लं माझं. 'वहिनी, नीट लाव, बाद झालो तर ती दिसणार नाही.'"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "आता मी स्वयंसेवक नाही. म्हणून आलो... मला तुम्ही आवडता. पाठ ही आपली सबब होती."

वहिनी उसासली, "चला, म्हणजे आता रोज दोन वेळा मलमही मीच चोळायचं."

"मुळीच नाही!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला. "त्याला मीच लावीन!"

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. वहिनीने मलमाची नळी तिच्या हातात कोंबली. "घ्या बाई, सुटले मी."