दोन माणसांचा टब

आमचं घर गेवराई-चकलांबा रस्त्याला, उसात. घराच्या मागं पत्र्याच्या शेडखाली गरम पाण्याचा टब आहे. फायबरचा, निळा, दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढा. खाली मोटार, हीटर आणि बुडबुडे सोडणारा ब्लोअर. पाहुणे आले की सासूबाई त्यांना आधी टब दाखवतात, मग पाणी विचारतात.

तो माझ्यासाठी घेतलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तो वनमालाचा. वनमाला म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. तिची कंबर दुखायची. डॉक्टरांनी गरम पाण्याचा शेक सांगितला. लोक रबरी पिशवी आणतात, आमच्या परमेश्वररावांनी पुण्याहून टब आणला. रोज संध्याकाळी दोघं त्यात बसायची म्हणे. पुढं ती काविळीनं दवाखान्यातच वारली आणि दोन वर्षांनी मी या घरात आले. मला लग्नात मायक्रोवेव्ह मिळाला.

मेलेल्या बाईवर जळू नये, हे मलाही कळतं. पण मी जळत होते. कपाटाचा वरचा खण तिचा, तुळशीजवळची खुर्ची तिची. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, पोरं मला टरकून असतात, आणि घरी मात्र खुर्ची ओढायची तरी आधी कुणाची आहे ते बघावं लागायचं.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि यांनी टबावरची ताडपत्री काढली. पहिल्याच संध्याकाळी स्वतः जाऊन बसले. मोटार घुमायला लागली, वाफ निघाली. मी जुना पंजाबी ड्रेस घालून आले. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी टबात पाय टाकला आणि बसले.

खट्. ब्रेकर पडला.

मी बाहेर आले, खटका वर केला, सगळं सुरू. पुन्हा उतरले. खट्.

"राहू दे," हे म्हणाले. "तू जा घरात, गारठशील. मी बसतो थोडा येळ."

थोडा वेळ म्हणजे पार अंधार पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गेवराईहून गहिनीनाथ वायरमन आला. त्यानं हीटर सोडवून तपासला, मोटार तपासली, ब्लोअर उघडला, ब्रेकरच नवा बसवला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतलं.

"वैनी, समदं ओके हाय," तो म्हणाला. "दोन मान्सांचा टब हाय, दोनच मानसं बसायलीत. मंग कावून पडायलाय ह्यो?"

"ब्रेकर माणसं मोजत नाही," मी म्हणाले.

"मंग काय मोजतंय?"

मी त्याला समजावलं. जेवढा करंट आत जातो तेवढाच परत यायला हवा. मधे कुठं पाझरला, तर हा खटका सप्लाय तोडतो. त्यानं मान हलवली आणि मोटारसायकलवर बसताना पुन्हा एकदा टबाकडं पाहिलं.

मग मी स्वतःच याचा छडा लावायच्या मागं लागले. मी एकटी बसले, ब्रेकर पडला नाही. हे एकटे बसले, नाही. दोघं बसलो की पडला. म्हणजे पाण्याच्या पातळीचा प्रश्न, मी ठरवलं. दोघांच्या अंगानं पाणी वर चढत असणार आणि काठाजवळच्या एखाद्या सैल जोडात शिरत असणार. लॅबमध्ये पोरांकडून जे करून घेते तेच केलं. मोटार बंद ठेवून टबाच्या आतल्या बाजूला रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावले. टबात कुणी नसताना पाणी जिथं, तिथं पांढरी. मी बसल्यावर जिथं चढलं, तिथं लाल.

"आता तुम्ही बसा," मी यांना म्हणाले.

ते माझ्यापेक्षा जड आहेत. पाणी लाल पट्टीच्या बोटभर वर यावं, हा माझा हिशोब. ते बसले आणि पाणी पार वर आलं. मी तिथं पिवळी पट्टी लावली आणि हातानं मोजून पाहिलं. लाल आणि पिवळीमधे माझी अख्खी वीत बसत होती.

तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. टब सगळा मोकळा असताना हे उजव्या कडेला चिकटून बसले होते. डावा हात शेजारच्या जागेवर, काठावर पसरलेला. डोळे मिटलेले. बोटं हळूहळू थोपटत होती.

"जरा बाहेर या," मी म्हणाले.

"कावून?"

"या तर."

ते नाइलाजानं उठले, टॉवेल गुंडाळून घराकडं निघाले. पाणी लाल पट्टीपर्यंत उतरलं आणि तिथंच थांबलं. मोटार बंद, वारा नाही, पाणी ताटासारखं सपाट.

मग डाव्या बाजूला डुबुक वाजलं. टबातून कुणी उठावं तसं पाणी हललं आणि पांढऱ्या पट्टीवर येऊन टेकलं.

फरशीवर ओली पावलं फक्त यांची होती.

भीती नंतर वाटली. आधी संताप आला. म्हणजे मी एकटी बसते तेव्हा ही येत नाही. नवऱ्याबरोबरच येते! आणि त्यांना ते ठाऊक आहे. ठाऊक असून मला घरात पाठवतात.

मी तडक सासूबाईंकडं गेले. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"तवाच म्हन्लं व्हतं, टाक घाल म्हनून," त्या म्हणाल्या. "लई शिकलेली तू. न्हाई म्हन्लीस."

टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, साडी असो की दागिना, आधी तिला दाखवायचा आणि मग आपण वापरायचा. लग्नात मी तो हातात घेऊन परत दिला होता.

"द्या," मी म्हणाले.

"मनापासून घालतीस का?"

"द्या तुम्ही."

मनापासून कसला! मला जिंकायचं होतं. तिला गळ्यात बांधून, तिच्याच जागेवर, माझ्या नवऱ्याला खेटून बसायचं होतं.

संध्याकाळी हे टबात होते. पाणी पिवळ्या पट्टीला. मोटार आणि ब्लोअर चालू केला, बुडबुड्यांनी सगळं पांढरं झालं. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गाणी वाजवत गेली. मी टाकाचा काळा दोरा मानेमागं घट्ट केला आणि डाव्या बाजूला उतरले.

ब्रेकर पडला नाही.

मोटार घुमतच राहिली. यांनी डोळे न उघडता हात माझ्या खांद्यावर टाकला आणि बोटांनी थोपटायला लागले. लग्नाला वर्ष होत आलं होतं, असा हात त्यांनी कधी टाकला नव्हता. मला हसू आलं. बघ, मी तिला मनात म्हणाले, बघत बस आता.

"कंबर कशी हाय आता?" त्यांनी विचारलं.

माझी कंबर कधीच दुखली नाही.

"बरी आहे," मी म्हणाले. हात निघू नये म्हणून म्हणाले.

ब्लोअरचा टायमर संपला. बुडबुडे विरले. पाणी निवळलं.

ते पिवळ्या पट्टीलाच होतं. मी उतरण्याआधी होतं तिथंच. केसभरही चढलं नव्हतं.

मी उठले. पाणी हललं नाही.

मी काठ ओलांडून बाहेर आले. पाणी उतरलं नाही. यांचा हात तसाच होता, माझा खांदा होता त्या उंचीवर, आणि बोटं थोपटत होती.

"अहो," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही.

मी खाली पाहिलं. माझ्या पायाखालची फरशी कोरडी होती. ड्रेस चाचपला, ओढणी चाचपली, केस चाचपले. सगळं कोरडं.

गळ्यातला टाक तेवढा ओला होता. ओला आणि कोमट.