स्मिताचे मिस्टर

दुपारी साडेतीनला बेल वाजली आणि स्मिताने साखळी न लावताच दार उघडलं. चूक तिथेच झाली.

टाय लावलेल्या एका तरुणाने व्हॅक्युम क्लीनरचं खोकं उंबऱ्याच्या आत टेकवलंसुद्धा. "मी नंदकुमार. फक्त पाच मिनिटं, मॅडम! घ्यायलाच हवं असं नाही."

नेरूळच्या त्या नव्या सोसायटीत रोज कोणी ना कोणी असं यायचं. आईबाबा ऑफिसात, घरी बी.एड.चा अभ्यास करणारी स्मिता एकटी. शेजारच्या बायका एका वाक्यात सुटायच्या. घाबरून तिनेही तेच फेकलं, "आमचे मिस्टर घरी नाहीत. त्यांना विचारल्याशिवाय मी काही घेत नाही."

लग्न न झालेल्या स्मिताचे कान गरम झाले.

नंदकुमारने खिशातून कार्ड काढून पेन सरसावलं. "कुठे असतात सर?"

"न्हावा शेवाला... बंदरात, कंटेनरच्या कामावर."

"येतात कधी?"

"सातला. रविवारी घरीच."

"तापट आहेत का हो? नाही, बोलायचं म्हणजे—"

"छे! जिन्यात झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा 'सरक रे जरा' म्हणून विनवतात. ओलांडून जात नाहीत." बोलता बोलता ती हसली... आणि दचकली. खोटं सांगायला गेली, तर समोरच्या फ्लॅटमधला रूपेशच डोळ्यांपुढे उभा राहिला होता. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातून आईबरोबर इथे राहायला आलेला. आठ महिन्यांत दोघांत दहा शब्दही झाले नव्हते.

"रविवारी पाचला येतो," म्हणत नंदकुमार गेला.

आणि आला की! आईबाबा वाशीला लग्नाला गेले होते. बेल ऐकून स्मिताने दाराच्या भिंगाला डोळा लावला. बाहेर नंदकुमार, आणि नेमका त्याच वेळी जिना चढून आलेला रूपेश.

"सर! तुम्हीच ना मॅडमचे मिस्टर?"

"कोन मॅडम?"

"या घरातल्या. तुम्ही न्हावा शेवाला, कंटेनरच्या कामावर, सातला येता." तो कार्डावरून वाचत होता. "कुत्र्याला सरक म्हणता तेसुद्धा सांगितलं त्यांनी. काय हसल्या सांगताना! नशीबवान आहात, सर."

भिंगातून रूपेशचा चेहरा फुगीर, वाकडा दिसत होता; राग होता की हसू, कळेना. 'कुठले मिस्टर?' एवढं तो म्हणाला, की संपलं. सोसायटीभर होईल. आणि तो पुन्हा कधी तिच्याकडे मान वर करून बघणारही नाही...

"हां," तो सावकाश म्हणाला. "मीच."

"मग चला आत, डेमो दाखवतो!" नंदकुमारने बेलवर बोट दाबून धरलं. दार उघडण्यावाचून इलाज नव्हता.

दार उघडलं. रूपेश उंबऱ्याबाहेरच थांबला.

"स्वतःच्या घरात कसला संकोच, सर?"

"घर माझं नाय." त्याने मान खाली घातली. "म्हंजे... मी तिला अजून विचारलंच नाय."

नंदकुमारने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "मग विचारा ना! गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ दिला, की ते हातचं जातं."

"तुम्ही खाली जा बघू," स्मिता म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं, की तो खोकं उचलून निमूट उतरला.

"रोज ठरवतो," रूपेश म्हणाला. "जिना संपतो, शब्द सापडत नाय."

"कुत्र्याशी बरे सापडतात!"

"तो नकार देत नाय. तुमी दिलात तर?"

स्मिता दाराची कडी उगाच मागेपुढे करू लागली. "आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. बाबा कधीच—"

"आनि आमची आय पयलं विचारील, बोंबील साफ करता येतात का."

ती उंबऱ्याकडे बघत राहिली. खालच्या मजल्यावर नंदकुमार दुसऱ्या कोणाची तरी बेल वाजवत होता. रूपेशने समजल्यासारखी मान हलवली आणि आपल्या दाराकडे वळला.

"शिकेन," स्मिता म्हणाली.